वेबमेलचा पासवर्ड बदलत नसेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच संस्था स्वतःचा मेल सर्व्हर चालवतात. राउंडक्यूब या वेबमेलमधून (ब्राउझरमध्ये मेल दाखवणारा प्रोग्रॅम) पासवर्ड बदलताना ‘नवा पासवर्ड जतन झाला नाही’ असं येत असेल, तर आधी त्याच्या पासवर्ड प्लगइनच्या (पासवर्ड बदलणारा जोडभाग) सेटिंगमधला डेटाबेसचा पत्ता बघा. तो रिकामा ठेवला की प्लगइन राउंडक्यूबच्याच डेटाबेसमध्ये लिहायला जातं, आणि मेलखात्यांचं टेबल तिथं नसतं. पत्ता बरोबर असेल तर युजरनेम तपासा. टेबलात पूर्ण ईमेल आणि क्वेरीत (प्लगइन डेटाबेसला देतं तो आदेश) फक्त ॲटच्या आधीचा भाग असेल, तर एकही ओळ बदलत नाही आणि प्लगइन ते अपयशच धरतं. डेटाबेस युजरला अपडेटचा हक्क हवा.

खरा त्रास ‘बदलला’ असं सांगून लॉगिन अडतं तेव्हा. बहुतेकदा हॅशची (पासवर्डचं साठवलेलं सांकेतिक रूप) पद्धत जुळत नाही: राउंडक्यूब एक वापरतं, डोव्हकॉट (लॉगिन तपासणारा मेल सर्व्हर) दुसरीची अपेक्षा करतं. टेबलातल्या पासवर्डच्या कॉलमची लांबीही मोजा, हे हमखास राहतं. एसएचए-५१२-क्रिप्ट पद्धतीचा हॅश साधारण १०६ अक्षरांचा, पुढं पद्धतीचं नाव जोडलं की १२०. कॉलम १०० चा असेल आणि मायएसक्यूएल डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न मावणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असेल, तर शेपूट गुपचूप कापलं जातं. कॉलम २५५ चा करा, मग पासवर्ड पुन्हा बदला. कापलेला हॅश परत येत नाही.

जुनाच पासवर्ड चालत राहिला तर डोव्हकॉटची ऑथ कॅशे (लॉगिनची तात्पुरती आठवण) रिकामी करा. आपल्याकडे एकाच मशीनवर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही कीबोर्ड असतात, म्हणून टाइप करताना कुठला चालू होता हेही विचारा.