स्काडा प्रणाली बाहेरच्या डेटाबेसशी जोडताना

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील स्काडाच्या (यंत्रांवर संगणकातून देखरेख व नियंत्रण ठेवणाऱ्या प्रणालीच्या) नोंदी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये साठवायच्या असतील, तर प्रथम डेटाबेसवर आवश्यक तक्त्यांपुरतेच अधिकार असलेले स्वतंत्र खाते तयार करावे आणि १४३३ हे पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त स्काडाच्या संगणकासाठी खुले करावे. मग ओडीबीसीमध्ये (विंडोजमधील डेटाबेसशी जोडणी करण्याच्या सोयीत) ‘सिस्टम डीएसएन’, म्हणजे संगणकावरील सर्व खात्यांना दिसणारी जोडणीची नोंद, तयार करावा, कारण ‘यूजर डीएसएन’ दुसऱ्या खात्यावर चालणाऱ्या सेवेला दिसत नाही. खरी गफलत पुढे होते: स्काडा ३२ बिटची असेल, तर ६४ बिटच्या विंडोजवरही ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो आणि त्याची मांडणी करण्याचे साधन, नाव उलटे वाटले तरी, ‘सिसवाव६४’ (SysWOW64) या विंडोजच्या फोल्डरमध्ये असते. जोडणी तुटल्यास नोंदी स्थानिक डिस्कवर साठवण्याची सोय असेल, तर ती सुरू करावी आणि नेटवर्कची केबल मुद्दाम काढून तपासावी. ही चाचणी कृपया टाळू नये.