वर्डस्टारच्या कळांवर पुन्हा हात कसा बसवावा

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं, त्यांना डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस हा क्रम अजून पाठ असेल. त्यातला वर्डस्टार आजही शिकावा, रोजच्या लिखाणासाठी शिकावा, असं मला मनापासून वाटतं. मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी लिहिलेला हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम, १९७८ मध्ये डॉसच्या आधीच्या सीपी/एम यंत्रणेवर आला. त्या काळच्या बऱ्याच कीबोर्डांवर बाणांच्या कळा नव्हत्या आणि माउस तर नव्हताच. म्हणून सगळं काम कंट्रोल आणि अक्षरं यांच्यावर बेतलं गेलं. अडचणीतून निघालेली ही मांडणी इतकी सोयीची ठरली की पुढे प्रोग्रॅम लिहिण्याच्या टर्बो पास्कलनेही तीच उचलली.

मूळ प्रोग्रॅम मिळवायची खटपट करू नका. लिनक्सवर 'जो' नावाचा मोफत एडिटर आहे, त्यात वर्डस्टारच्या कळा तयार मिळतात. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून सुडो, एपीटी, इन्स्टॉल, जो हे चार शब्द इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये एकेक जागा सोडून टाइप करा आणि एंटर दाबा. 'सुडो'चं स्पेलिंग एस-यू-डी-ओ, 'जो'चं जे-ओ-ई. मॅकवर होमब्र्यू या प्रोग्रॅम बसवण्याच्या साधनातून आणि विंडोजवर, तिथेच लिनक्स चालवू देणाऱ्या डब्ल्यूएसएलमधून तो घेता येतो. मग जेस्टार, म्हणजे जे-एस-टी-ए-आर, असं लिहून पुढे फाइलचं नाव द्या. काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर समोर येईल.

आता डावा हात. कंट्रोल दाबून धरा: ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. कीबोर्डकडे पाहिलंत तर या चार कळांचा चौकट पत्त्यासारखा आकार दिसेल. त्याच्या बाहेरच्या अंगाला ए एक शब्द मागे नेतो, एफ एक शब्द पुढे. आर पानभर वर, सी पानभर खाली. या हालचालीत भर घालायची असेल तर आधी कंट्रोल-क्यू: क्यू-एस ओळीच्या सुरुवातीला, क्यू-डी ओळीच्या शेवटी, क्यू-आर फाइलच्या अगदी वर, क्यू-सी अगदी खाली. खोडण्यासाठी नुसत्या कंट्रोलबरोबर जी एक अक्षर, टी एक शब्द, वाय अख्खी ओळ. पहिले काही दिवस बाणांच्या कळांना हातच लावू नका. त्याशिवाय बोटांना वळण लागत नाही.

करंगळी दुखायला लागली तर दोष तुमचा नाही. आयबीएमच्या पहिल्या पीसीवर कंट्रोलची कळ ए अक्षराच्या शेजारी होती. आज तिथे कॅप्स लॉक आहे. सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये किंवा लिनक्सवरच्या गनोम ट्विक्स या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोलचं काम कॅप्स लॉकला देऊन टाका.

खरी गंमत ब्लॉकमध्ये, म्हणजे खूण करून निवडलेल्या मजकुरात, आहे. समजा पाच ओळींची कामांची यादी लिहिली आणि चौथं काम सगळ्यात वर न्यायचं आहे. चौथ्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन कंट्रोल-के, मग बी. पाचव्या ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-के, मग के. मधली ओळ उजळते. क्यू-आर करून वर जा आणि के-व्ही दाबा. ओळ उचलून तिथे येते. प्रत हवी असेल तर के-सी, पुसायची असेल तर के-वाय. माउसने निवडलेला मजकूर दुसरीकडे क्लिक केलं की निसटतो. इथे ब्लॉक खुणावून ठेवा, पंचवीस पानं पुढे जा, एखादं वाक्य दुरुस्त करा, हवी ती जागा शोधा. खूण जागच्या जागी राहते. लांब लेखाची जुळवाजुळव करणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल.

शोधायला क्यू-एफ, पुढचा सापडायला कंट्रोल-एल. जतन करून लिहीत राहायचं तर के-एस, जतन करून बाहेर पडायचं तर के-एक्स, बदल टाकून द्यायचे तर के-क्यू.

दोन गोष्टींची काळजी घ्या. एडिटरबाहेर, नुसत्या टर्मिनलवर, सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलं तर पडदा गोठल्यासारखा होतो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. दुसरं म्हणजे मराठी मजकूर. बऱ्याच टर्मिनलांत काना-मात्रा सरकतात, जोडाक्षरं तुटतात आणि कर्सर भलत्याच जागी दिसतो. मराठीसाठी साधा ग्राफिक एडिटरच बरा. जेस्टार इंग्रजी टिपणं, प्रोग्रॅम आणि सेटिंगच्या फायलींना ठेवा.

आणि माळ्यावरच्या फ्लॉपीतली एखादी वर्डस्टारची फाइल हाती लागली, तर ती खराब झाली म्हणून टाकू नका. जुन्या आवृत्त्या डॉक्युमेंट पद्धतीत बहुतेक शब्दांच्या शेवटच्या अक्षराच्या कोडमधला आठवा बिट चालू करून ठेवत. म्हणून आजच्या एडिटरमध्ये शब्दाचं शेपूट तेवढं विचित्र दिसतं. ओळखीच्या प्रोग्रॅमरला तो बिट बंद करायला सांगा, मजकूर वाचता येईल.