लहान जेट बोटीमागे वेकबोर्डिंगची सुरुवात

उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या नद्या समुद्राकडे जाताना जिथे असंख्य फाट्यांत विखुरतात, त्या भागाला येथे सर्वजण नुसते डेल्टा म्हणतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी पहाटे तेथील बोटी पाण्यात सोडण्याच्या उतारावर ट्रेलरची रांग लागते आणि अलीकडे त्या रांगेत मराठी बोलणेही कानावर पडते. दोन्ही पाय एकाच बोर्डला अडकवून, दोर धरून बोटीमागे तिच्या लाटेवर ओढले जाणे म्हणजे वेकबोर्डिंग. या मंडळींपैकी बहुतेकांकडे त्यासाठी खास बांधलेली, वजनदार आणि अतिशय महाग बोट नसते. त्यांच्याकडे असते ती एकोणीस-वीस फुटांची जेट बोट, यामाहाची १.८ लिटरच्या एका इंजिनाची, किंवा सी-डूने २०१२ मध्ये स्पोर्ट बोटी बनवणे थांबवण्यापूर्वीची एखादी जुनी. अशा बोटीमागे नीट शिकता येते का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. येते, आणि चांगले येते; मात्र पहिल्या दिवशी बोर्डवरच्या माणसाहून अधिक शिकावे लागते ते बोट चालवणाऱ्याला, म्हणून मी सुरुवात बोटीपासून करतो.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, इंपेलर नावाचे पात्यांचे चाक त्याला वेग देते आणि मागच्या तोंडातून ते पाणी झोताने बाहेर फेकले जाते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५४ मध्ये आपली पहिली जेट बोट तयार केली, ती तिकडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांत पंखा टिकत नाही म्हणून. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ फिरणारा उघडा पंखा नाही, ही शिकाऊ माणसाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. पण तिच्यामुळे येणारी निश्चिंतता धोक्याची आहे, आणि त्याची कारणे प्रत्येक चालकाने दोर बांधण्यापूर्वी समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण दिशेचे आहे. जेट बोट वळते ती झोताची दिशा बदलल्यामुळे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा दांडा, पूर्ण सोडला की झोत जवळजवळ संपतो आणि चाक कितीही फिरवले तरी बोट आधीच्याच दिशेने सरकत राहते. समोर काही दिसले की घाबरलेल्या माणसाचा हात आपसूक मागे येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी बोट त्याच्या ताब्यातून जाते. त्यामुळे अडथळा टाळायचा असेल, तर थोडा थ्रॉटल राखूनच वळावे लागते. याचा सराव मोकळ्या पाण्यात, मागे कोणालाही न बांधता, निदान अर्धा तास करावा.

दुसरे कारण न्यूट्रलचे आहे. बहुतेक जेट बोटींत इंजिन चालू असेपर्यंत इंपेलर फिरतच असतो. न्यूट्रलमध्ये फक्त झोताची वाटणी अशी होते की बोट जागेवर राहते. याचा अर्थ तळाची जाळी तेव्हाही पाणी ओढत असते, आणि पाण्याबरोबर मोकळे केस, जॅकेटचा लोंबणारा पट्टा किंवा दोरही ओढू शकते. मागच्या फळीवर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर झोत थेट आला, तर पाण्याचा दाब शरीराच्या आत शिरून गंभीर इजा होऊ शकते आणि साधा पोहण्याचा पोशाख त्यापासून वाचवत नाही. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडही याच फळीभोवती साचतो. तेव्हा कोणीही पाण्यात उतरताना, पाण्यातून चढताना किंवा मागच्या फळीवर बसलेले असताना इंजिन बंद आणि किल्ली काढलेली असली पाहिजे. आमच्या बोटीवर या नियमाला लहानथोर कोणासाठीही अपवाद नाही.

तिसरे कारण उथळ पाण्याचे. ही बोट कमी पाण्यात तरंगते, पण म्हणून ती तेथे जोरात चालवावी असे नाही. तीन फुटांहून कमी पाण्यात इंजिनाला जोर दिला की वाळू आणि खडे इंपेलरच्या पंपात जातात. शिवाय वेकबोर्डवरून पडणाऱ्या माणसाला त्याहून पुष्कळ अधिक खोली लागते. निदान सहा-सात फूट पाणी आणि तळाशी झाडाची खोडे नसल्याची खात्री असल्याशिवाय मी कोणाला ओढत नाही. डेल्टात आणखी एक जुनी ओळख भेटते, ती म्हणजे आपल्या मुळा-मुठेत आणि उजनीत दिसते तीच जलपर्णी. तिचे तुकडे जाळीत अडकले की इंजिनाचा आवाज चढतो, पण बोट पुढे जात नाही. तसे झाल्यास इंजिन बंद करून पंपाच्या तोंडाची सफाई करावी; जोर वाढवून काहीही साधत नाही.

साहित्याबाबत फार खर्चाची गरज नाही, पण निवड योग्य हवी. बोर्डची लांबी वजनावरून ठरते. साधारण ६० ते ८० किलोच्या माणसाला १३५ ते १४० सेंटिमीटरच्या आसपासचा आणि त्याहून वजनदार माणसाला १४० च्या पुढचा बोर्ड घ्यावा. दोन लांबींमध्ये निवड करायची असेल, तर लहान बोटीमागे लांब बोर्ड घेणे शहाणपणाचे, कारण तो कमी जोरात पाण्यावर येतो. तळाचा बाक एकसलग असलेला आणि खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, असलेला बोर्ड नवशिक्याला सरळ ठेवतो. बोर्डवर बसवलेले बूट पुढून उघडे असले, तर घरातल्या सर्वांना एकच बोर्ड चालतो. दोर मात्र ट्यूब, म्हणजे माणसाला बसवून ओढायची हवा भरलेली चकती, ओढण्याचा ताणला जाणारा नको. वेकबोर्डचा न ताणणारा, तरंगणारा दोर घ्यावा आणि सुरुवातीला त्याची लांबी ५० ते ६० फूट ठेवावी. पुढे सराव झाल्यावर लोक ६५-७० फुटांवर जातात, पण लहान बोटीची लाट तिथवर पोहोचेपर्यंत विरून जाते.

लाइफ जॅकेट अमेरिकी तटरक्षक दलाने मान्य केलेलेच हवे. दुकानात मिळणारी काही स्पर्धेची जॅकेटे सुबक दिसतात, पण त्यांना ही मान्यता नसते. कॅलिफोर्नियात बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या प्रत्येकाला मान्यताप्राप्त जॅकेट घालणे बंधनकारक आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माझ्या पिढीतील अनेकांना जॅकेट कमीपणाचे वाटते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की तीस किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आपटल्यावर काही क्षण श्वासच घेता येत नाही, आणि त्या वेळी पोहता येण्याचा उपयोग होत नाही.

दोर बोटीला कुठे बांधायचा, हा लहान जेट बोटीतला कळीचा प्रश्न आहे. टॉवर, म्हणजे दोर उंचावर बांधण्यासाठी बोटीवर उभारलेली कमान, असेल, तर ओढ वरून मिळते, उभे राहणे सोपे जाते आणि दोर पाण्यापासून वर राहतो. त्या टॉवरला ट्यूब मात्र कधीही बांधू नये. टॉवर नसेल, तर मागच्या बाजूला ओढण्यासाठीच बसवलेली कडी वापरावी. धक्क्याला बोट बांधण्याचे खुंट त्या जोरासाठी असतातच असे नाही. कडी खाली असल्यामुळे बोट हळू झाली की दोर सैल होऊन पाण्यात लोळतो आणि जाळीकडे ओढला जातो. माझ्या पहिल्याच मोसमात असे झाले. पडलेल्या भावाकडे वळताना मी दोराकडे पाहिले नाही, तो इंपेलरच्या दांड्याला गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडले. वाऱ्याने बोट दगडी बांधाकडे जात होती आणि भाऊ दूर पाण्यात होता. एका अनोळखी बोटीने आम्हा दोघांनाही गाठले म्हणून निभावले. तेव्हापासून बोट हळू होताच दोर आत ओढून वेटोळे करणे हे मागे पाहणाऱ्या माणसाचे काम ठरलेले आहे.

मागे पाहणारा माणूस ही सोय नसून कायद्याची अट आहे. कॅलिफोर्नियात चालकाखेरीज निदान १२ वर्षांचे एक माणूस फक्त मागे लक्ष ठेवण्यासाठी बोटीत असावे लागते, कोणी पाण्यात पडलेले असताना लाल किंवा केशरी झेंडा वर धरावा लागतो, आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणालाही ओढता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून चालकाचे वय काहीही असले तरी त्याच्याकडे राज्याचे बोट चालवण्याचे कार्ड लागते. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला जोडलेली असणे हा २६ फुटांखालील बहुतेक बोटींसाठी १ एप्रिल २०२१ पासूनचा संघराज्याचा नियम आहे.

आता शिकणाऱ्याकडे वळू. कोणता पाय पुढे ठेवायचा, हे जमिनीवरच ठरवावे. कोणी मागून अचानक हलका धक्का दिला की जो पाय आपोआप पुढे पडतो, तोच सहसा पुढचा. मग गवतावर बोर्ड ठेवून त्यावर उकिडवे बसावे, हात सरळ ठेवून गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी हँडल धरावे आणि दुसऱ्याने दोर हळूहळू ओढत उभे करावे. उकिडवे बसण्याची सवय आपल्याकडच्या माणसांना असते आणि येथे ती फार कामी येते, कारण वेकबोर्डवर उठण्याचे सारे रहस्य त्या बैठकीत शक्य तितका वेळ टिकून राहण्यात आहे. घरी दहा वेळा असे केलेला माणूस पाण्यात बहुधा तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात उभा राहतो. हे न करता थेट पाण्यात उतरलेला माणूस सकाळभर पाणी पितो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे दंड वर होत नाहीत.

पाण्यात पाठीवर तरंगत गुडघे छातीशी घ्यावेत, बोर्ड दोराला आडवा ठेवावा आणि त्याची एक कड पाण्याबाहेर दिसू द्यावी. बोट सरकू लागली की पाणी बोर्डवर दाब देते आणि घाबरून पाय ताठ करावेसे वाटतात. ते करू नये. पाय ताठ झाले की बोर्ड पाण्यात नांगरासारखा रुततो. हँडल छातीकडे ओढले की दोर सैल होतो आणि माणूस मागे पडतो. हात सरळ, गुडघे वाकलेले, टाचा बुडाजवळ, एवढेच धरून ठेवावे आणि उचलण्याचे काम बोटीला करू द्यावे. बोर्ड पाण्यावर आल्याचे पायाखाली स्पष्ट जाणवते. त्यानंतरच सावकाश अर्धे उभे राहून पुढचा पाय बोटीकडे वळवावा आणि हँडल पुढच्या पायाच्या बाजूला कमरेजवळ, खाली ठेवावे. नजर बोटीवर असावी. पायांकडे पाहणारा पडतोच.

चालकाने आधी अगदी हळू पुढे जाऊन दोर ताणून घ्यावा आणि पाण्यातून ‘घे’ अशी हाक येईपर्यंत थांबावे. मग दोन-तीन सेकंदांत थ्रॉटल एकसारखा वाढवावा. जेट बोटीचा स्वभाव असा की सुरुवातीच्या थोड्या थ्रॉटलला ती फारशी ओढत नाही, आणि मग एकदम उसळते. त्या उसळीने हँडल हातातून निसटते. बोर्ड पाण्यावर आला की ओढीचा भार एकाएकी कमी होतो आणि बोट आपणहून वेग घेते, म्हणून त्याच क्षणी थ्रॉटल किंचित मागे घेऊन वेग ताशी १७-१८ मैलांवर, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरवर, स्थिर करावा. लहान मुलांना याहून कमी वेग पुरतो. बोट सरळ रेषेत न्यावी. वळणावर वेग घटतो आणि दोर सैल पडतो.

लाट मोठी व्हावी म्हणून पाण्याच्या पिशव्या भरण्याची घाई पहिल्या मोसमात करू नये. प्रत्येक लिटर पाणी एक किलो भार टाकते आणि चालकाजवळच्या पाटीवर लिहिलेली बोटीची क्षमता त्या भारासह पाळायची असते. खरे तर लहान बोटीची बुटकी लाट नवशिक्याला उपकारक आहे, कारण ती ओलांडताना बोर्ड उलटत नाही. गुडघे मऊ ठेवून टाचांच्या कडेवर किंचित रेलत बाहेर जावे, पायाच्या बोटांच्या कडेवर झुकत परत यावे, उडी नंतर.

पडताना हँडल सोडून द्यावे आणि दोर हाताला कधीही गुंडाळू नये. वर येताच डोक्यावर हात धरून ठीक असल्याची खूण करावी. ती दिसली नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे समजून तत्काळ पोहोचावे. चालकाने आधी वेग उतरवावा आणि मगच वळावे, नाहीतर स्वतःच्या लाटा स्वतःच्याच माणसावर येतात. पडलेल्या माणसाला आपल्या बसण्याच्या बाजूला, नजरेसमोर ठेवून, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सावकाश जवळ यावे आणि काही अंतरावरच इंजिन बंद करावे.

डेल्टात दुपारी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि पाणी खवळते, त्यामुळे शिकवणी सकाळी दहाच्या आत आटोपावी. एका माणसाला एका वेळी पंधरा मिनिटे पुरतात. थकलेल्या हातांनी शिकणे होत नाही. बोट बाहेर काढल्यावर उतारापासून बाजूला घेऊन बुडाची गुडदी काढावी, पंपात व पिशव्यांत उरलेले सारे पाणी सोडावे आणि जाळीतील वनस्पतींचे धागे हाताने वेचावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हे परके शिंपले उत्तर अमेरिकेत प्रथमच आढळले, आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले साठलेल्या पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात. म्हणून राज्यातील अनेक तलावांवर आता बोट तपासल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. पुढच्या शनिवारी दुसरीकडे जायचे ठरत असेल, तर तेथील नियम आधी पाहून घ्यावेत आणि बोट पूर्ण कोरडी करूनच निघावे.