घराच्या बाहेरील गिलाव्याची तयारी: पोत निवडण्याआधी काय पाहावे

बाहेरच्या गिलाव्याचा पोत ठरवण्यापूर्वी घराभोवती फिरून कोणती भिंत पावसाच्या तोंडावर आहे हे पाहावे, कारण आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस वाऱ्यासोबत तिरका येतो आणि पश्चिमेची व दक्षिणेची भिंत पूर्वेच्या भिंतीपेक्षा कितीतरी अधिक भिजते. बेळगाव जिल्हा एकच असला तरी सर्व तालुक्यांचे हवामान सारखे नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटमाथ्यालगतच्या पट्ट्यात ओल आणि शेवाळ हीच मुख्य अडचण असते. अथणीकडे पाऊस कमी आणि ऊन प्रखर असल्याने केसाएवढे बारीक तडे पडण्याची चिंता अधिक असते. बेळगाव शहरात दोन्हींचा विचार करावा लागतो.

यानंतर भिंत कशाची आहे ते तपासावे. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो व त्याची भुकटी सुटते, म्हणून तो ताठ ब्रशने घासून, धुऊन, गिलाव्याआधी पुरेसा भिजवून घ्यावा लागतो. विटेच्या भिंतीत दर्जा (विटांमधले सांधे) सुमारे 10 मिमी खोल खरवडून घ्याव्यात. काँक्रीटचे खांब आणि तुळया टाचून (टोचे मारून खडबडीत करून) घ्याव्यात, आणि वीट व काँक्रीट जिथे मिळतात त्या सांध्यावर जाळी ठोकावी, कारण पुढे सरळ रेषेत दिसणारे तडे बहुतेक तिथलेच असतात. वाडवडिलांचे मातीचे किंवा चुन्यात बांधलेले दगडी घर असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अशी भिंत आतली ओल बाहेर सोडत असते. सिमेंटचा थर ती कोंडून धरतो, लोणा (भिंतीवर येणारा क्षार) वाढतो आणि काही वर्षांत थर पोकळ होऊन सुटू लागतो. तिथे चुन्याचाच गिलावा योग्य, मग जाणता कारागीर शोधायला वेळ लागला तरी चालेल.

आता पोत. पावसाच्या बाजूंना मध्यम दाण्याचा, दोन थरांचा सँडफेस (वाळूचा दाणेदार गिलावा) मला सर्वांत भरवशाचा वाटतो: पहिला थर 12 ते 15 मिमी, सिमेंट-वाळू 1:4 प्रमाणात आणि जलरोधक मिसळून, त्यावर रेघा ओढून पाण्याने मुरवलेला, आणि त्यावर 6 ते 8 मिमीचा दुसरा थर. खोल खाचांचे टेक्सचर नवे असताना देखणे दिसते, पण खाचांत धूळ बसते, धुळीत ओल टिकते आणि ओलीवर शेवाळ धरते. म्हणून ते हवेच असेल तर पोर्चच्या आडोशाच्या भिंतीपुरते ठेवावे. पुट्टी लावून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर प्रत्येक उंचसखलपणा तिरक्या उन्हात उठून दिसतो. नमुना पुस्तकात पाहून ठरवू नये. पश्चिमेच्या भिंतीवर तीन फूट लांबरुंद तुकडा करून घ्यावा आणि तो कोरडा व ओला, दोन्ही अवस्थांत पाहावा.

वाळू गिलाव्यासाठी चाळलेलीच मागवावी. मूठभर वाळू काचेच्या पेल्यात पाण्यासह ढवळून तासभर ठेवली की वर बसणाऱ्या गाळाच्या थरावरून तिची प्रत कळते. दर्शनी भिंतीची सगळी वाळू एकाच खेपेची असावी, अन्यथा पोतात फरक दिसतो.

काम दिवाळीनंतर धरावे. प्रत्येक थराला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, म्हणून विहीर किंवा बोअर तितका काळ पुरेल का हे आधी पाहावे. गिलावा झाल्यावर रंगापूर्वी साधारण 28 दिवस जाऊ द्यावेत. हे सर्व मागे मोजत आले तर गिलावा फेब्रुवारीत संपलेला बरा, म्हणजे एप्रिल-मेच्या वळवापूर्वी रंग बसतो.

गवंड्याशी बोली मराठीत होवो वा कन्नडमध्ये, ती कागदावर उतरवावी: दर चौरस फुटाचा की ब्रासचा (100 चौरस फुटांचा), परांची (उंचावर काम करण्याचा मचाण) कोणाची, पाणी कोण मारणार, खिडक्यांच्या कडांचे माप वेगळे धरणार का. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच काढण्याचे त्यात स्पष्ट लिहावे. ती नसेल तर छज्जावरचे पाणी भिंतीवरूनच ओघळते. परांचीची भोके त्याच मालाने, त्याच दाण्यात बुजवलेली स्वतः पाहिल्याखेरीज परांची उतरवू देऊ नये.