युरोपच्या द्राक्षबागा बघायला चाललात? हा पतंग ओळखून या

खरड छाटणी उरकली, सबकेनचं (काडीचा शेंडा खुडून बगलफुटीतून नवी काडी घेण्याचं) काम हातावेगळं झालं, की जून-जुलैत आपल्यातले काही बागायतदार इटली-स्पेनच्या अभ्यास दौऱ्यावर निघतात. नेमक्या त्याच दिवसांत तिथे लोबेसिया बोट्राना या पतंगाची दुसरी पिढी हिरव्या मण्यांवर असते.

हा मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. पंख पसरले तरी जेमतेम 10 ते 13 मिलिमीटर, दिवसा पानाआड दडतो, तिन्हीसांजेला उडतो. म्हणून पतंग शोधत बसू नका, घड बघा. भिंगातून मण्यावर मसुरासारखं चपटं, चकाकणारं एकटं अंडं दिसेल. मण्याला बारीक भोक, शेजारी जाळं आणि विष्ठा दिसली तर काडीच्या टोकाने अळीला डिवचा. ती वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते.

पहिली पिढी एप्रिल-मेमध्ये कळ्यांची जाळी करून खाते, ते नुकसान वेल बरंचसं भरून काढते. घातकी ती तिसरी, मण्यात पाणी उतरल्यावरची. अळी खाते थोडं, पण तिच्या भोकांतून करडी बुरशी आणि काळी कूज शिरते आणि अख्खा घड नासतो.

कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पकडणारे) तिथेही आहेत, पण ते मोजणीपुरते. बंदोबस्तासाठी मादीचाच गंध सोडणाऱ्या हेक्टरी सुमारे 500 गंधनळ्या टांगतात, त्या गंधात नराला मादी सापडतच नाही. एकट्याने लावून भागत नाही. इटलीत त्रेंतिनोकडे खोरीच्या खोरी मिळून लावतात. हे मात्र बघून याच, आपल्याकडे शेजाऱ्याचं औषध कोणतं हेही कळत नाही! बीटी (अळी मारणारं जिवाणूंचं औषध) फवारायचं तर अंड्यात अळीचं काळं डोकं दिसू लागताच. ती मण्यात शिरली की फवारा वाया.

आता परतीचं. नवी जात दिसली की काडी बॅगेत टाकायचा मोह होतो. टाकू नका. हिवाळी कोष सुटलेल्या सालीखाली पांढऱ्या रेशमी वेष्टनात बसतात. आपल्याकडे थंडी कमी, म्हणून तगणार नाही, असंही धरू नका: कोषाची झोप दिवस लहान झाल्याने लागते, आणि इजिप्तच्या उन्हातही हा पतंग आहे. कॅलिफोर्नियात नापाला तो 2009 मध्ये सापडला, संपल्याचं जाहीर व्हायला 2016 उजाडलं.

काडी हवीच असेल तर आयात परवाना काढून, क्वारंटाइनमधूनच मागवा. कातर आणि बूट निघण्यापूर्वी तिथेच घासून धुवा.