ट्यूबलेस टायरचं पंक्चर : मुंबईत गाडी चालवणाऱ्यांसाठी तयारीची यादी

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी गाडी सहसा तिथल्या तिथे बसत नाही. टायरच्या आतल्या अंगाला हवा धरून ठेवणारा ब्यूटिल रबराचा थर असतो. तो खिळ्याभोवती आवळून बसतो आणि हवा हळूहळू जाते. आपली सगळी तयारी हा मिळालेला वेळ वापरण्यासाठी असते. द्रुतगती मार्गाच्या उड्डाणपुलावर, शेजारून डंपर जात असताना चाक बदलायला बसणं जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा हवा भरून पुलाखाली उतरावं, पेट्रोल पंप गाठावा. म्हणून माझ्या यादीत हवा भरायचा पंप स्टेपनीच्याही आधी येतो.

गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घ्या. घेताना दोन गोष्टी बघा. त्याची वायर मागच्या दूरच्या चाकापर्यंत पोहोचायला हवी, आणि तो ओढतो ते अँपिअर तुमच्या सॉकेटच्या फ्यूजला झेपायला हवेत, नाहीतर ऐन वेळी फ्यूज उडेल. आणल्यावर डब्यात तसाच ठेवू नका. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही चाकांत हवा भरून बघा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बऱ्याच छोट्या गाड्यांना 30 ते 35 पीएसआय लागते. ती टायर थंड असताना मोजायची. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडून हे एकदा करून घ्या, फक्त दाखवून भागत नाही.

पंक्चर किट त्यानंतर. त्यात भोक साफ करायची खरबरीत सळई, पट्टी घुसवायची सुई, रबराच्या पट्ट्या, सोल्यूशन आणि ब्लेड असतं. त्यात एक चांगली पक्कड आपली आपण घाला, कारण घट्ट बसलेला स्क्रू हाताने निघत नाही. पावसाळ्यात हातमोजे आणि कपाळाला लावायची बॅटरीही हवी. एक नियम मात्र घरात सगळ्यांना पाठ असू द्या: पट्टी आणि पंप हाताशी असल्याशिवाय खिळा उपसायचा नाही. खिळा जागेवर असताना हळू जाणारी हवा तो काढल्यावर भसकन जाते. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर पट्टीच्या नादी लागू नका. दुरुस्ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातच करायची, तीही साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची.

आता स्टेपनी. 2020 मध्ये नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा आपल्या गाडीत ती आहे का, इथपासून सुरुवात करा. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर. त्यांत टाकीमुळे स्टेपनी कुठे अडकवलीय आणि ती काढायला काय काय सोडवावं लागतं, हे घरीच बघून ठेवा. तिच्यातली हवा महिन्यातून एकदा मोजा, वापरायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. अलॉय चाकांना चोरी टाळण्यासाठी वेगळा नट लावला असेल तर त्याची चावी पान्याशेजारीच ठेवा. ती घरी राहिली तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

कुठे थांबायचं हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. स्टीअरिंग एका बाजूला ओढू लागलं किंवा दाबाचा दिवा पेटला की वेग कमी करा, धोक्याचे दिवे लावा आणि डावीकडे या. टायर पूर्ण बसलेला असेल तर पुढे ढकलू नका. बिनहवेच्या टायरवर थोडं अंतर गेलात तरी त्याच्या भिंती आतून चिरडतात आणि तो टायर कायमचा जातो. अटल सेतूचा समुद्रावरचा भाग साडेसोळा किलोमीटरचा आहे आणि मध्ये उतरायला वाट नाही. शिवडीला वर चढण्याआधीच दिवा पेटला असेल तर चढू नका. वरच गाडी बसली तर चाक स्वतः बदलायला जाऊ नका. माणसांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवून कठड्याशी उभं करा आणि 112 वर फोन करा.

आपल्या शहरात दोन मोसम जपायचे. पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. त्यात चाक आदळून रिम वाकली तर हवा रिमच्या कडेने जाते आणि तिथे कुठलीच पट्टी उपयोगी पडत नाही. साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत ठेवा, बुडबुडे कुठून येतात ते लगेच कळतं. गणपती-नवरात्रीनंतर मांडव उतरतात तेव्हा रस्त्यावर खिळे सांडलेले असतात. त्या आठवड्यात सकाळी गाडी काढण्याआधी चारही चाकांवरून नजर फिरवा.

रस्त्यावर मारलेली पट्टी ही तात्पुरती समजा. लांबच्या प्रवासाआधी, विशेषतः घाटात जाणार असाल तर, टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा देठ असलेलं छत्रीसारखं रबरी ठिगळ) लावून घ्या. पंक्चरवाल्याला टायर पूर्ण पाण्यात फिरवायला सांगा. एक भोक सापडलं म्हणून थांबू देऊ नका, दुसरा खिळा असू शकतो. घरी आल्यावर वापरलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या टाका. सोल्यूशनची नळी मात्र एकदा उघडली की आतल्या आत सुकते, म्हणून ती अर्धी उरली असली तरी बदला.