जुनी हाय बोनेट (उंच बोनेटवाली) जीप घरीच दुरुस्त करून परत रस्त्यावर आणताय? मग इंजिनला सगळ्यात शेवटी हात लावा

खान्देशात अजून बऱ्याच मळ्यांत एखादी जुनी पेट्रोल जीप शेडमधे पडलेली सापडते, टायर मातीत रुतलेले अन् सीटखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. माझी रावेरकडे एका केळीच्या बागेत मिळाली, अकरा वर्षं उभी. घरी ओढून आणली तर आजी म्हणे, "हाई भंगार घर कसाले आनं?"

अशी गाडी आली की रविवारी चार मित्र जमतात, कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी आणतो अन् सगळ्यांचा प्रश्न एकच, स्टार्ट होईल का. मी पण तेच केलं. झाली ना स्टार्ट, टाळ्या पडल्या, मित्राने जोशात गिअर टाकला, ब्रेक तर लागेचना, गाडी थेट उकिरड्यात. नशीब उकिरडा होता, विहीर नव्हती. तेव्हापासून माझं म्हणणं एकच, आधी कागद, मग ब्रेक, मग पत्रा, इंजिन शेवटी.

कागद म्हणजे आरसी बुकावरचा चेसिस नंबर अन् इंजिन नंबर गाडीवर टॉर्च मारून स्वतः वाचायचा. आपल्याकडे पेट्रोल जिपांमधे लोकांनी सर्रास डिझेल इंजिन बसवून टाकलेले आहेत अन् आरसीवर पेट्रोलच राहून गेलंय, मग री-पासिंगला एमएच 19 असो की 18, आरटीओत गाडी अडणारच. खाजगी गाडीची आरसी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी रिन्यू. गाडी 50 वर्षांच्या वर गेली असेल तर 2021 च्या नियमाने व्हिंटेजमधे घालता येते, नंबरात व्हीए येतं, फी 20,000 रुपये अन् 10 वर्षं चालतं, पण मग रोज बाजारात न्यायची गाडी नाही राहत ती. मला तर मळ्यात जायला पाहिजे होती, म्हणून मी त्या भानगडीत पडलो नाही.

आता ब्रेक. चारी चाकांना ड्रम आहेत अन् मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलतो तो) एकच, तो पण फ्लोअरखाली, चेसिसला. एक पाइप फुटला की चारीच्या चारी ब्रेक गेले, म्हणून इथे काटकसर नको भो, चारी व्हील सिलिंडर, होज, लायनर नवे टाका, लोखंडी पाइप आतून सडलेला असतो तो पण बदला. मागचे ड्रम निघत नाहीत म्हणून एक्सलच्या टोकावर घण मारू नका, शाफ्ट निमुळता असतो, त्याला पुलरच लागतो, लेथवाल्याकडे भाड्याने मिळतो. चाकाचे नट खोलताना अजून एक गंमत, बऱ्याच जुन्या जिपांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, मी पाइप लावून जोर करकरून एक बोल्ट तोडला तेव्हा कळलं. ब्रेकच्या पाइपांतली एअर काढायची ती मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, मास्टर डाव्या बाजूला असेल तर मागचं उजवं पहिले. अन् गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली झोपू नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, आमच्याकडे लाकडाचे ओंडके पण लावले होते वरून.

पत्र्याला सगळ्यात जास्त वेळ जातो. आपली काळी माती चेसिसच्या पट्ट्यांत अन् फ्लोअरखालच्या खोबणीत जाऊन बसते, ओल धरून ठेवते अन् वरून पेंट चांगला दिसत असताना आतून गाळणी झालेली असते. छोटी हातोडी घेऊन सगळीकडे ठोकत जा, टण वाजलं तर ठीक, थप वाजलं तर तिथे खडूने गोल करा. माझ्या गाडीवर एवढे गोल झाले की रांगोळी वाटत होती. फ्लोअर कापायच्या आधी बॉडी चेसिसला बोल्ट केलेलीच ठेवा अन् कोपरा ते कोपरा तिरपी मापं घ्या, नाहीतर वेल्डिंगनंतर पुढची काच बसत नाही. 18 गेजचा पत्रा, मिग वेल्डिंगने एकेक टाका मारत, गॅसने लांबच्या लांब ओढलं की पत्रा पापडासारखा वाकतो. बारीक गंजलेले पार्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या यांना साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) मिळाली तर भारी, एक भाग मळी अन् नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या ड्रममधे आठवडा-दोन आठवडे, गंज आपोआप सुटतो. वास मात्र असा की शेजारी विचारायला येतात. कार्बोरेटर त्यात टाकू नका, खाऊन टाकेल.

पेंट मे महिन्यात मारू नका, 45 डिग्रीत पत्रा तव्यासारखा तापतो, पेंट पसरायच्या आधीच वाळतो अन् वरून धूळ. दिवाळीनंतर सकाळी, जमिनीवर पाणी शिंपडून. मिलिटरी हिरवा मारायचा सगळ्यांना मोह होतो, पण सेंट्रल मोटर व्हेईकल रूल 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त डिफेन्सच्या गाड्यांना आहे.

आता या इंजिनवर. या जिपेचं बोनेट उंच का, तर इंजिन एफ-हेड आहे, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमधे अन् एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधे, म्हणून उंची वाढली. 2199 सीसी, एकदम साधं, उगाच खोलायची घाई नको. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमधे थोडं डिझेल अन् ऑइल मिक्स करून टाका, दोन-तीन दिवस राहू द्या, मग हँडलने हळू फिरवा. हँडल धरताना अंगठा गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका आला तर अंगठा जातो. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.5 एमएम, प्लगचा 0.75, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. टाकी ड्रायव्हर सीटखाली असते, तिला भोक असलं तर धुतल्याशिवाय वेल्डिंगला देऊच नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट. पेट्रोलचे रबरी पाइप अन् पंपाचा डायफ्राम नवा टाका, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं.

ट्रायलला डांबरी रोडवर फोर व्हील टाकून दाखवायचा शौक करू नका, पुढचा-मागचा एक्सल ट्रान्सफर केसमधे (दोन्ही एक्सलला ताकद वाटणारा डबा) एकमेकांना लॉक होतो, वळणावर ताण येऊन काहीतरी तुटतं. याच कारणाने चारी टायर एका मापाचे पाहिजेत. मऊ रस्त्यावर, नांगरटीत टाकून बघा, मी पहिल्यांदा मनुदेवीच्या मंदिराकडच्या कच्च्या रस्त्याला टाकला. पहिल्या 100 किलोमीटरनंतर स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट अन् चाकाचे नट परत आवळा, अन् दर थांब्याला हबवर हात ठेवून बघा, हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय नाहीतर ब्रेक धरतोय, तिथेच थांबा अन् सैल करा.